चार वीसचा उजेड

जैतापूरच्या खाडीकाठी, लतीफ खलफेंच्या आवारात,
जिथे बावीस वर्षं काही बांधलं गेलं नाही,
त्या रिकाम्या ठोकळ्यांवर
मी फत्तेमारी उभी केली.
बेचाळीस हात लांब, सागवानी,
वजन शून्य.

हेडसेटचा पट्टा सैल करून त्यांच्या टोपीवरूनच चढवला.
चाचा बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले,
तळाच्या पठाणाखाली (कणा म्हणा) चार बोटं सरकवली
आणि म्हणाले,
"बसली नाय, बाय. टांगलीय."

सावली दिलीय की, मी म्हटलं.
"सावली हाय. काळी हाय पण."
आणि चष्मा कपाळावर लोटून
त्यांनी डांबराच्या एका निळ्या पिंपाकडे हनुवटी उडवली.

पिंपाचं पोट खालून तांबूस होतं.
जांभ्यावर पडलेलं ऊन तिथेच थांबत नव्हतं,
उसळत होतं, आणि खालून रंगवत होतं
कोंबडीची छाती, गंजका नांगर,
उकिडव्या बसलेल्या चाचांचा गळा.
पुण्यात पाचव्या मजल्यावर बसून तीन आठवडे
मी उजेड नुसता वरून ओतला होता,
जसं काही त्यालाही उतारच लागतो.

मग आरशाचा गोळा काढला, तिवईवर बसवला.
नारळाएवढ्या त्या पोलादात सगळं गोळा झालं:
सूर्य तांदळाच्या कणीएवढा,
खाडी विळ्यासारखी वाकलेली,
दोरीवरचे बांगडे, शेजारच्या शेडमधली
फायबरची होडी,
मी, करंगळीएवढी,
आणि डावीकडे चाचा, पांढऱ्या सदऱ्यात.
बटण दाबलं गेलं. चार वीस.

गोळ्यात माणूस नको, असा आमच्याकडे नियम.
"चाचा, जरा खांबामागे."
ते गेले. दुसरा फोटो. चार बावीस.

दुसरा चढवला. पठाणाच्या कडेने लाली आली,
ठोकळ्यांना टेकतो तिथे सावली घट्ट झाली,
आणि होडी जड झाली.
खरंच. मला माझ्या पोटऱ्यांत जाणवलं.
चाचांनी तिला पूर्ण फेरी मारली.
आरपार चालत जाता आलं असतं,
पण ते नाळेला वळसा घालून गेले,
एका जागी तर खांदा चोरून.

"आता बसली," म्हणाले. "ही डावी कूस मात्र
कोणी नसल्यासारखी दिसते."

मी आकडे पाहिले. फरक होता.
अगदी थोडा, शेकड्यात दोन-तीन,
कोणी हरकत घेतली नसती.
सदऱ्यावर आपटून फळ्यांवर पडणारं ऊन
मी खांबामागे पाठवून दिलं होतं.
नियम गुंडाळून ठेवला
आणि चार वीसचा फोटो परत लावला.

मग चहा झाला. त्यांनी सांगितलं की नकाशा कधीच नव्हता,
वाकाचा बाक डोळ्यात असायचा,
आणि शेवटची होडी पाण्यात गेली
त्या दिवशी ते आजारी होते.
सांगताना पेल्याकडे बघत होते.

पावणेसातला पुन्हा चष्मा घातला.
खाडी जांभळट, पिंप नुसता एक काळोख,
बांगडे कोणीतरी उचलून नेलेले,
आणि सगळ्याच्या मधोमध ती,
लख्ख उन्हात,
दुपारची सावली पूर्वेकडे टाकून.

चाचा हसले, खोकला येईपर्यंत.
"हिला सांगा कोणीतरी, मगरिब झाली म्हणून,"
आणि चष्मा माझ्या हातात देऊन
टोपी सारखी करत मशिदीकडे गेले.

प्रकाश दर मिनिटाला नव्याने मोजावा लागेल,
वहीत लिहिलं. बॅटरी अकरा टक्के.
तरी बंद केलं नाही लगेच.
डाव्या कुशीवर, तिसऱ्या-चौथ्या फळीवर,
तो फिकट डाग होता अजून,
समोर कोणी उभं असल्यासारखा.